अथांग म्हणजे किती खोल?

मराठी लेखनात समुद्र आला की त्याच्या आगेमागे 'अथांग' हे विशेषण येतेच. शालेय निबंधापासून दिवाळी अंकातल्या ललित लेखापर्यंत ही सवय इतकी रुळली आहे की त्या शब्दाचा अर्थ तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. ज्याचा थांग लागत नाही ते अथांग. 'थांगपत्ता' या जोडशब्दातला थांग तोच. म्हणजे हा शब्द समुद्राविषयी फारसे काही सांगत नाही. पाहणाऱ्याने तळ पाहिलेला नाही, एवढेच सांगतो. विशेषण समुद्राला लावलेले असले तरी लागू पडते ते काठावर उभ्या असलेल्या आपल्याला.

आता परिस्थिती बदलली आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात दर हंगामात हजारो माणसे पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळापर्यंत जाऊन येतात. त्यांत पोहता न येणारी माणसेही असतात. मार्गदर्शक त्यांना मागून धरून खाली नेतो. नवशिक्यांना जेथे उतरवतात तेथे तळ सहसा दहा मीटरांच्या आतच असतो. अथांगाचा थांग असा लागलेला आहे, आणि त्याची पावती म्हणून भ्रमणध्वनीवर एक चित्रफीतही मिळते. प्रश्न असा की, ज्या भाषेत ही माणसे रोज बोलतात, त्या भाषेला या अनुभवाविषयी काही म्हणता येते काय? आमच्या मते अद्याप येत नाही. त्याचे कारण समुद्रात शोधू नये, आपल्या वाङ्मयीन सवयींत शोधावे.

आपल्या साहित्यातला समुद्र हा पृष्ठभागाचा समुद्र आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेल्या कवितेत तो मायदेश आणि परदेश यांच्यामध्ये पसरलेले अंतर आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याला दटावता येते. 'विशाखा'त (१९४२) कुसुमाग्रजांच्या कोलंबसापुढे तो आव्हान म्हणून उभा ठाकतो. खानोलकरांना तो गूढाचे निवासस्थान म्हणून हवा असतो. 'कोंडुरा' वाचताना पाण्यात काहीतरी आहे हे सतत जाणवते, पण ते काहीतरी माशाच्या किंवा खडकाच्या जातीचे नसते. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांत कोकणचा निसर्ग इतका जिवंत आहे, पण त्यांची खाडी पार करण्यासाठी आहे. मिलिंद बोकील यांच्या 'समुद्र'मध्ये तो दोन माणसांच्या संवादाला लागणारी पार्श्वभूमी होतो. या साऱ्या थोर किंवा चांगल्या कृती आहेत आणि त्यांनी जे केले त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र त्या एकत्र ठेवून पाहिल्या तर लक्षात येते की शेकडो किलोमीटरांचा किनारा लाभलेल्या भाषेत लाटेच्या खाली गेलेले पान शोधावे लागते. मुलांना ते पान ज्यूल व्हर्नच्या अनुवादांत मिळाले. प्रौढांना तेथेही मिळाले नाही.

याउलट रानाचे पाहा. दुर्गाबाईंनी 'ऋतुचक्र' (१९५६) लिहिले, माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीला कादंबरीचे नायकत्व दिले, आणि मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून ते मराठीच्या पदरात टाकले. २०२५ साली ते गेले तेव्हा अनेकांनी लिहिले की या माणसाने मराठीला हजारो शब्द दिले. ते खरेच आहे. पण शब्द त्यांनी घडवले नव्हते, ज्यांच्याकडे ते होते त्यांच्याजवळ बसून ऐकले होते. रानाला असा माणूस मिळाला. समुद्राच्या तळाला मिळालेला नाही.

आता खाली उतरल्यावर काय होते, ते भाषेच्या अंगाने पाहू. पहिली गोष्ट अशी की आपले वाक्प्रचार तेथे एकामागून एक निकामी होतात. एखादी अद्भुत गोष्ट आपण 'श्वास रोखून' पाहतो. हवेच्या टाकीसह पाण्यात उतरणाऱ्याला शिकवला जाणारा पहिला नियम मात्र 'श्वास कधीही रोखू नका' हाच असतो. कारण सरळ आहे. दर दहा मीटरांमागे पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. दहा मीटरांवर फुप्फुसात घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते, आणि ती बाहेर जाऊ दिली नाही तर फुप्फुसाला इजा होते. तेथे पाहायचे ते श्वास चालू ठेवूनच. 'नीरव' हे दुसरे विशेषण. पाण्याखाली नीरवता नसते. आपल्याच बुडबुड्यांचा आवाज कानांत भरून असतो, आणि उष्ण कटिबंधातल्या उथळ खडकाळ पाण्यात चटचट वाजणाऱ्या कोळंब्यांमुळे सतत तडतड चालू असते, कढईत काही तळले जात असावे तशी. ध्वनी पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे आपल्या कानांना ठरवता येत नाही. 'निळाशार' हेही आपल्या किनाऱ्याला क्वचितच लागू पडते; मालवणचे पाणी बरेचदा हिरवट आणि गढूळसर असते, आणि काही मीटरांपलीकडचे दिसेनासे होते. शिवाय पाणी रंग एकेक करून गाळत जाते. लाल रंग सर्वांत आधी विझतो. बाजारात तांबडी लालबुंद दिसणारी तांबोशी खाली गेल्यावर राखी दिसते. तिच्यावर विजेरीचा झोत पडला की तिचे नाव पुन्हा खरे होते.

'बुडणे' या क्रियापदाचेही तसेच. आपल्याकडे माणूस बुडतो, सूर्य बुडतो, पेढी बुडते, कर्ज बुडीत खात्यात जाते. पाण्याखाली जाण्याची मराठीतली बहुतेक क्रियापदे हानीची आहेत: गटांगळ्या खाणे, नाकातोंडात पाणी जाणे, रसातळाला जाणे. स्वेच्छेने खाली जाऊन, तेथे थांबून, पाहून परत येण्याला आपल्याकडे 'बुडी मारणे' आणि 'सूर मारणे' असे दोनच हाताशी असलेले प्रयोग आहेत, आणि दोन्ही क्षणभराच्या क्रियेचे आहेत. अर्धा तास तळाशी तरंगत राहण्याला काय म्हणावे? वजन जाणवत नाही, पडण्याची भीती नाही, वर आणि खाली या दिशांचा आग्रह सैल झालेला आहे, अशा अवस्थेला शब्द हवा असेल तर आपण लगेच अध्यात्माकडे धाव घेतो आणि 'समाधी' म्हणून मोकळे होतो. ती समाधी नसते. डोळा हवेच्या काट्यावर ठेवावा लागतो.

याच जागी इंग्रजी कवितेने काय केले हे तुलनेसाठी पाहावे. आड्रिएन रिच यांची 'डायव्हिंग इंटू द रेक' (१९७३) आपल्या इंग्रजी विभागांत अनेक वर्षे शिकवली जाते. ती शिकवताना तिचे स्त्रीवादी वाचन करणे योग्यच आहे. पण त्या कवितेत रूपक उभे राहण्याआधी उपकरणे येतात, शिडी येते, श्वासाचा यांत्रिक प्रश्न येतो. उतरण्याची क्रिया नीट पार पडल्यावरच अर्थाची क्रिया सुरू होते. ज्याक कुस्तो आणि एमील गान्याँ यांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले, त्यानंतर तीस वर्षांत त्या अनुभवाने कवितेची भाषा बदलली. आमच्याकडे तो अनुभव पर्यटनाच्या रूपाने आला आणि आमची भाषा जशीच्या तशी राहिली.

पाण्याखालच्या गोष्टींना आपण जी नावे देतो तीही तपासण्यासारखी आहेत. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. 'अभयारण्य' या शब्दात अरण्य आहे. संरक्षित समुद्राला काय म्हणावे हे ठाऊक नसल्याने कायद्याने त्याला रान केले. पुढे समुद्री घोडा, समुद्री काकडी, समुद्री गवत, प्रवाळांची बाग अशी जमिनीवरची नावे 'समुद्री' हा उपसर्ग लावून पाण्यात सोडली गेली. इंग्रजीतही हेच झाले आहे. किंबहुना यांतली बहुतेक नावे तिकडूनच भाषांतरित होऊन आली आहेत. पण मालवणच्या मच्छीमाराची नावे तशी नाहीत. शेवंड, म्हाकुल, मोरी, पाकट, गोबरा, इसवण, पेडवे, कुर्ली, मुळे, कालवे. यांतल्या एकाही नावाला जमिनीची कुबडी लागत नाही. पाण्याला खडप कुठे आहे, भरती कधी आणि सुकती कधी, उधाणाचे पाणी कसे आणि भांगाचे कसे, मतलई वारा सुटला की काय करायचे, याचा पुरा शब्दसंग्रह गाबित आणि इतर मच्छीमार समाजांकडे आहे. रापण ओढणाऱ्याने तळ पाहिलेला नसेल, पण जाळे कुठे अडकते आणि कुठे मोकळे सुटते यावरून त्याने तो हाताने वाचलेला असतो. अथांग हा शब्द त्याच्या बोलण्यात आम्ही ऐकलेला नाही. त्याला थांग लावल्यावाचून चालतच नाही.

अर्थात या शब्दसंग्रहाला मर्यादा आहेत, आणि बोलीप्रेमाच्या भरात त्या झाकू नयेत. ही नावे प्रामुख्याने जे खाल्ले जाते, विकले जाते किंवा डसते त्यांची आहेत. प्रवाळांवर बागडणाऱ्या छोट्या पट्टेरी माशांची चव कोणाला नको असते, म्हणून त्यांच्यातले बारीक भेद बोलीला लागत नाहीत. विज्ञानाला तसे चालत नाही. ते निरुपयोगी जिवालाही नाव देते. तेव्हा आमचे म्हणणे बोलीला विज्ञानाच्या जागी बसवा असे नाही. प्रमाण मराठीने या दोन्हींकडून घ्यायला हवे होते आणि तिने दोन्हींकडून घेतले नाही, असे आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कोकणातल्या बोलींचे शब्द मुबलक सापडतात. एका परकीय कोशकाराला जे गोळा करावेसे वाटले त्यात भर घालणे दीडशे वर्षांत आपल्या विद्यापीठीय व्यवहाराला फारसे जमले नाही.

याची किंमत काय, हे आम्हांला वर्गात दिसले. आमच्या एम. ए. च्या वर्गात किनाऱ्यावरचा एक विद्यार्थी होता; घर मासेमारीचे, सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे काम करणारा. निसर्गलेखनाच्या घटकासाठी त्याने समुद्रावर निबंध लिहून दिला. त्यात अथांगता होती, निळाई होती, लाटांचे तांडव होते, शेवटी मानवी जीवनाशी तुलनाही होती. एका वाक्यावरूनही लिहिणारा रोज त्या समुद्राच्या तळाशी जातो असे कळले नसते. आम्ही त्याला बोलावून विचारले, खाली नेमके काय दिसते? तो बोलू लागला तसा मालवणीत गेला. "ह्यो गोबरो, सर. ह्यो खडपाच्या कपारीत ऱ्हवता," असे सांगत त्याने माशाची बसण्याची पद्धत हाताने करून दाखवली. पाणी गढूळ असले तर आधी काय ऐकू येते, गार पाण्याचा पट्टा कोणत्या बाजूने येऊन अंगाला लागतो, घाबरलेल्या माणसाचे डोळे काचेमागे कसे होतात, हे सारे त्याने विनासायास सांगितले. मग हे लिहिले का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, "सर, ते मराठीत कसं लिहायचं?"

या वाक्यातला 'मराठीत' हा शब्द नीट ऐकावा. त्याच्या दृष्टीने मराठी म्हणजे परीक्षेची भाषा. मालवणी घराची आणि होडीची, हिंदी पर्यटकाची, इंग्रजी प्रशिक्षणाची. पाण्याखाली तर हातवाऱ्यांचीच भाषा चालते, आणि त्या भाषेत उभा अंगठा म्हणजे 'छान' नव्हे तर 'वर चला'. इतक्या भाषा सहज पेलणारा मुलगा आपल्या अनुभवाला मराठीत मात्र जागा नाही असे गृहीत धरून चालतो, आणि ते गृहीत धरायला त्याला आपणच शिकवले आहे. मालवणी आपल्याला 'वस्त्रहरण'मुळे ठाऊक झाली आणि त्या नाटकाचे ऋण मोठे आहे. परंतु त्यानंतर बहुसंख्य मराठी वाचक-प्रेक्षकांसाठी मालवणी ही हशा पिकवणारी भाषा होऊन बसली. ज्ञानाची भाषा म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कोणाला सुचले नाही. नागपंचमीची आणि भुताखेतांची मालवणी अभ्यासक्रमात येते, खडपाची येत नाही.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की कवितेला रूपकाचा हक्क आहे आणि समुद्र अथांग म्हणणाऱ्या कवीकडे आपण दोरी आणि शिसे घेऊन खोली मोजायला जाऊ नये. हे मान्य आहे. परंतु रूपकाला बळ येते ते वस्तूच्या ओळखीतून. पोवळ्याचेच उदाहरण घ्या. मराठी कवितेत पोवळे ओठांच्या उपमेपुरते आणि पत्रिकेत मंगळाच्या खड्यापुरते येते. सोनाराच्या दुकानातले ते लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या एका जातीचे. आपल्या किनाऱ्यावरचे कठीण प्रवाळ दिसायला तपकिरी, हिरवट, पिवळसर असतात आणि ते जिवंत प्राणी असतात; त्यांचा रंग बव्हंशी त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि अन्नाचा मोठा वाटाही त्याच शैवालाकडून येतो. पाणी फार तापले की हे सहजीवन मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पांढरे म्हणजे शुभ्र, शुभ्र म्हणजे पवित्र, ही आपली सांकेतिक साखळी तेथे उलटी फिरते. तळाशी पांढरे दिसणे हे उपासमारीचे चिन्ह आहे. ज्या कवीला हे माहीत आहे त्याचे रूपक दुबळे होईल की सशक्त?

दुसरा आक्षेप असा की पंधरा-वीस मिनिटांच्या विकत घेतलेल्या फेरीला आम्ही अनुभव म्हणून मोठे करीत आहोत. काही ठिकाणी मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात, खडकांवर पाय पडतात, नांगर पडतात. चित्रफितीसाठी उतरलेल्या माणसाला आपण काय पाहिले हे पुष्कळदा ठाऊक नसते. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आमचा आग्रह प्रत्येक लेखकाने पाण्यात उतरावे असा नाही. रॅशेल कार्सन यांनी 'द सी अराउंड अस' (१९५१) लिहिले तेव्हा त्या स्वतः पाण्याखाली फारशा उतरल्या नव्हत्या. पण उतरलेल्यांचे, मोजणाऱ्यांचे आणि मच्छीमारांचे म्हणणे समजून घेण्यासाठी त्यांनी वर्षे घातली होती. नावावाचून पाहिलेली गोष्ट चित्रफितीत राहते, स्मरणात राहत नाही. पर्यटक वर येऊन 'खूप रंगीत मासे होते' म्हणतो, ते त्याच्या डोळ्याचे अपयश नसून आपल्या भाषेने त्याला हाती काही न देता खाली पाठवल्याचा परिणाम आहे.

आणि हे आजच का म्हणायचे? प्रवाळांच्या विरंजनाची जागतिक लाट १९९८ साली आली, मग २०१० साली, मग २०१४ ते २०१७ या काळात. एप्रिल २०२४ मध्ये चौथी लाट चालू असल्याचे जाहीर झाले. नंतरच्या लाटांमधली अंतरे पहिल्या अंतराहून कमी आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरांवर, जेथे सर्वांत उथळ भागही पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली आहे, तेथे प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार पाण्यात बुडालेले आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले. मराठी आरमाराच्या सरखेलाचे नाव धारण करणाऱ्या या पठाराविषयी मराठीत ललित म्हणावे असे लेखन आमच्या वाचनात नाही. जमिनीवरचे एखादे देवराईचे रान तुटले तर मराठीत निदान शोक करणारे चार लेख येतात, कारण त्या रानाला भाषेत अस्तित्व असते. ज्याला भाषेत अस्तित्वच नाही ते गेले तर गेल्याचे कळणारही नाही. त्याच सुमारास त्या पाण्याचे शब्द जाणणारी पिढीही मावळते आहे. तिची नातवंडे पर्यटकाला 'निमो' दाखवू लागली आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण पर्यटक निमोच मागतो.

तेव्हा मराठीच्या अध्यापकांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. एम. ए. च्या लघुप्रबंधांसाठी दरवर्षी त्याच कादंबऱ्यांवर तेच विषय दिले जातात. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी त्यांतले काही तरी समुद्राच्या शब्दांना द्यावेत: एका गावाची जाळी, एका बंदरावरच्या माशांची नावे, ओहोटीच्या वेळी कालवे काढणाऱ्या स्त्रियांचे खडपांचे ज्ञान, पाण्याखाली मार्गदर्शन करणाऱ्या तरुणांची बोली. प्रत्येक शब्दाबरोबर सांगणाऱ्याचे गाव, वस्तूचे वर्णन आणि शक्य तेथे शास्त्रीय नाव नोंदवावे. त्यासाठी शेजारच्या प्राणिशास्त्र विभागाचे दार ठोठवावे लागेल, ते ठोठवावे. आणि निबंधाच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या विद्यार्थ्याने गोबरा, खडप, सुकती असे शब्द लिहिले तर त्यांखाली तांबडी रेघ ओढू नये.

यातून लगेच मोठे साहित्य निर्माण होईल, असा आमचा दावा नाही. साहित्य सूचनांनी निर्माण होत नसते. पण ज्याला उद्या लिहायचे आहे त्याच्या हाताशी शब्द असतील, आणि 'मराठीत कसं लिहायचं' हा प्रश्न त्याला पहिल्याच वाक्यापाशी थांबवणार नाही. 'अथांग' हा शब्दही तेव्हा कवितेत अवश्य राहावा. फक्त तो लिहिणाऱ्याने आधी थोडी खोली मोजलेली असावी.